आत्याच्या फोनवरचा फुगा

आमच्या ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं. वेबसाइटवरच्या फॉर्मांची तपासणी हे तिचं काम. नाव लिहायचं राहिलं, फोन नंबरात अक्षर घुसलं, की तिची स्क्रिप्ट, म्हणजे तिने लिहिलेला छोटासा प्रोग्राम, बरोबर पकडायची. यातलं बरंचसं ब्राउझर स्वतःहून करतो, हे मी तिला सांगून पाहिलं होतं. "त्याचं काम ओबडधोबड असतं," म्हणायची, आणि प्रत्येक फॉर्मवर 'नोव्हॅलिडेट' एवढा शब्द टाकून ब्राउझरला गप्प बसवायची. मी शेजारच्याच टेबलावर, त्यामुळे पुढचं बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

शहराच्या तरणतलावाने मोठ्या माणसांसाठी पोहण्याचा वर्ग काढला. त्याचा फॉर्म तिनेच बनवला. ती राहायची आत्याकडे. आत्यानेच तिला लहानाची मोठी केलेली. साठी उलटलेल्या आत्याने कुणाला न सांगता तो फॉर्म भरायला घेतला. जेवताना सहज विषय निघाला तेव्हा म्हणाली, "माझं काही जमलं नाही बाई. बटण दाबून दाबून थकले, हूं नाही की चूं नाही. या वयात हिला कशाला, असं वाटलं असेल त्यांना."

ते 'त्यांना' म्हणजे आपणच, हे चाळणीला सांगवेना. दुसऱ्या दिवशी ती आत्याला ऑफिसात घेऊन आली.

आत्याने फोनवरची अक्षरं चांगली बोराएवढी करून ठेवली होती. तिने फॉर्म भरला, बटण दाबलं, काही झालं नाही. चाळणीने बोटाने पान सरकवत पार वरच्या टोकाला नेलं. तिथे लाल अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं होतं की अडचणीत कुणाला कळवायचं तो नंबर राहिलाय. स्क्रिप्टने चूक अचूक पकडली होती. फक्त आत्या होती खाली बटणापाशी, आणि ते तिला कधी दिसलंच नव्हतं.

चाळणीने आपली स्क्रिप्ट बाजूला काढली, 'नोव्हॅलिडेट' खोडला आणि आवश्यक रकान्यांना 'रिक्वायर्ड' एवढा एक शब्द जोडला.

"दाब आता."

पान आपसूक वर गेलं, रिकाम्या रकान्यापाशी थांबलं, आणि तिथे एक छोटा फुगा उमटला. कृपया हे फील्ड भरा. मराठीत.

"हे तू लिहिलंस?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग कोणी?"

आत्याचा फोन मराठीत होता, म्हणून ब्राउझरही मराठीत बोलला, एवढंच. चाळणीने स्वतःच्या फोनवर तोच फॉर्म उघडला, फोनची भाषा बदलली, बटण दाबलं. मग आणखी एक भाषा. दरवेळी फुगा वेगळ्या लिपीत यायचा. एकदा तर उजवीकडून डावीकडे. आम्ही हातातली कामं टाकून बघत उभे राहिलो. कुठल्या कुठे बसलेल्या, आम्हाला कधीच न दिसणाऱ्या, ब्राउझर घडवणाऱ्या माणसांनी आत्यासारख्या बाईचा विचार आधीच करून ठेवला होता.

"आणि मी त्यांना इतकी वर्षं तोंड मिटायला सांगत होते," चाळणी हळूच म्हणाली.

तेवढ्यात आत्याने त्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकला. ब्राउझरने निमूट घेतला. नंबर कुणाचा आहे याच्याशी त्याला काय करायचंय? तेव्हा चाळणीने खुर्ची ओढली आणि दोन नंबर ताडून पाहणाऱ्या चार ओळी लिहिल्या. निरोप मात्र ब्राउझरच्याच तोंडी घातला. आत्याने पुन्हा बटण दाबलं, तर फुगा म्हणाला, तुम्ही पाण्यात असताना तुमचा फोन कोण उचलणार?

आत्या खुदकन हसली. "खरंच की. पण तुला कामात कशाला त्रास?"

"माझा टाक, आत्या."

वर्ग सुरू झाला. त्या वेळेत चाळणी फोन पुढ्यातच ठेवायची. एका सकाळी तो वाजला, तलावाचा नंबर. तिने झडप घालून उचलला.

"घाबरू नका," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आत्यांनीच लावायला सांगितलाय. आत्ता समोरच्या काठाला पोचल्या, मध्ये कुठेही न थांबता."