दुसऱ्या कडव्याशी

सत्यभामाबाईंच्या थोरल्या भावाची म्हातारपणी आठवणच गेली. राखीच्या दिवशी त्याने सख्ख्या बहिणीला विचारलं, "तुमी कोनाच्या घरच्या हो?" तेव्हापासून आपलंही तसंच होईल, ही भीती बाईंच्या मनात बसली. बालाघाटच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई रोज दुपारी पेटी काढत. शेजारी म्हणत, काय हौस आहे या वयात! बाई मात्र स्वतःची परीक्षा घेत असत. सगळे सूर जागच्या जागी सापडले, की तो दिवस निभावला.

गणपतीत मंडळाच्या भजनाला त्या साथीला बसल्या आणि दुसऱ्या कडव्याशी त्यांची बोटं थांबली. पुढचं काही आठवेना. शेजारी तबल्यावर बसलेल्या शालिकरामांनी ठेका सोडला नाही. गाणारे पुढे गेले, आणि ध्रुवपद आलं तेव्हा बाईंची बोटं चाचपडत त्यांना जाऊन मिळाली.

भजन संपल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "शालिकरामजी, मले भेव वाटून राह्यलं. दादासारखंच सुरू झालं वाटते."

"मीबी विसरतो, बाई," ते म्हणाले. "तुमची पेटी ऐकू आली का ठेका सापडते. घरी एकटा असलो का तबल्याले हात लावाचंबी भेव वाटते."

"मंग उद्या दुपारी तबला घेऊन घरी या न."

"हौ, येतो."

भीती काही गेली नाही. दुसऱ्या दिवशी पेटीचा भाता उघडूनही बाईंनी सुरांना हात लावला नव्हता. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली, आणि त्यांनी पहिला सूर दाबला.