टाकीची चावी

दुष्काळाच्या त्या वर्षी किनवटजवळच्या आमच्या निवासी शाळेत पाण्याच्या टाकीला कुलूप असे आणि चावी माझ्या, म्हणजे शाळेच्या कारकुनाच्या, कमरेला. घंटा झाली की एकेक गिलास. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या एका मुलीला सारखं पाणी प्यावं लागतं, नाहीतर हाडं ठणकतात, हे ठाऊक असून मी तिला दोनदा परत पाठवलं होतं.

मग तिची आई आली. मजुरीचा दिवस बुडवून आलेली. पदराखालून तिनं दिव्यांगांच्या कायद्याचं पुस्तक काढलं. खुणेला जाड निळा दोरा होता. तिथं बोट ठेवून ती मुख्याध्यापकांना म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. तुमीच वाचा, मोठ्यानं."

सरांनी वाचलं. सिकलसेलही दिव्यांगात धरलेला, आणि अशा मुलांच्या गरजेप्रमाणे शाळेनं सोय केलीच पाहिजे, असं होतं. पुस्तक मिटून ते म्हणाले, "वरून आदेश लागतो, बाई. किनवट वेगळा जिल्हा झाला की मोठे साहेब इथंच बसतील. तेव्हा बघू."

"जिल्हा होऊ द्या सावकाश. माझ्या लेकीला तहान आत्ता लागून राहिली."

तिनं पुस्तक पुन्हा दोऱ्याशी उघडलं आणि बोट ठेवून उभी राहिली. बसली नाही, आवाज चढवला नाही. शेवटी सरांनीच टाकीची चावी मुलीकडे द्यायचा आदेश लिहिला, शिक्का मारला. तिनं तो लेकीकडून वाचून घेतला आणि माझ्यापुढं हात केला. मी चावी दिली. ती त्याच निळ्या दोऱ्यात ओवून तिनं लेकीच्या गळ्यात घातली.

त्या उन्हाळ्यात तहान लागली की मी त्या पोरीला शोधत असे. तिनं मला एकदाही परत पाठवलं नाही.