मूठधान्याची पिशवी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते नीट शिकायच्या आतच शाळा सुटली. चौथीपर्यंतच शिकले. वाचणाऱ्याने चुकांचा राग धरू नये. वाचणारं कुणी नाही हे मला माहीत आहे, तरी सांगून ठेवते. चार माणसांत मला बोलता येत नाही, घसा बंद होतो. म्हणून लिहिते.

जुन्नरच्या आमच्या देवळात प्रभुभोजनाचा रविवार होता. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. बायकांच्या रांगेत कठड्याशी मी गुडघे टेकले. डाव्या हातावर उजवा हात, तळवा उघडा. पाळकसाहेब भाकर देत देत आले. शेजारणीच्या हातावर तुकडा ठेवला. मग त्यांचा हात माझ्या हातावरून पुढे गेला. मला वाटलं, चुकून राहिलं. मी हात तसाच धरून बसले. मागून प्याला आला. तोही माझ्या तोंडासमोरून गेला. पलीकडच्या बाईने घोट गिळला, तो मला ऐकू आला.

मी उठले नाही. कसं उठायचं तेच कळेना. पुढची रांग येऊन मागे खोळंबली तेव्हा कुणीतरी माझ्या खांद्याला बोट लावलं. एकच बोट. हात लावला नाही.

बाहेर चिंचेखाली मास्तर उभे होते. मिशनच्या शाळेचे हेडमास्तर, मंडळीच्या पंचांतले मुख्य. सगळ्यांदेखत म्हणाले, "बोर्डिंगातल्या पोरींच्या तोंडचं खातेस आणि प्रभूपुढे हात पसरतेस?"

मी काय खाल्लं म्हणतात ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आमच्या घरांत मूठधान्याची रीत आहे. जात्यावर बसायच्या आधी बाईने एक मूठ दाणे देवाच्या गाडग्यात टाकायचे. शनिवारी पिशवी घेऊन कुणीतरी घरोघर जातं. ते धान्य मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात जातं. आमच्या वस्तीची पिशवी आधी माझ्या सासूकडे, आत्याबाईंकडे होती. त्यांचे गुडघे धरले, तेव्हा ती माझ्याकडे आली. देताना त्यांनी एकच गोष्ट शिकवली. पिशवीचं तोंड उघडं धरायचं आणि मान फिरवायची. कुणी किती घातलं ते बघायचं नाही. देणारीला लाज वाटता कामा नये.

मग ते वाईट वर्ष आलं. बाजरी हातभर वाढून वाळली. आमची वस्ती जुन्नरपासून दोन कोसांवर, सगळी मजुरीची माणसं. रानात काम नाही म्हणजे घरात दाणा नाही. पिशवी खांद्याला हलकी लागू लागली. एका शनिवारी एका दारात बाईने पदराआडून गाडगं आणलं, पिशवीत उलटं केलं, बुडावर दोन थापा मारल्या. तळाचे दाणे निघावेत म्हणून मारतात तशा. पिशवीत काहीच पडलं नाही. मी भिंतीकडे बघत होते. ती म्हणाली, "सलाम." मी म्हणाले, "सलाम." आणि पुढच्या दाराला गेले.

नंतर आणखी घरं तशीच झाली. थापा सगळ्या मारायच्या. मी आवाजावरून ओळखायची. माझ्या घरीही ज्या दिवशी जातं फिरलं नाही त्या दिवशी मूठ पडली नाही.

रिकामं गाडगं आणायचं तरी कशाला? कारण मास्तरांचा नियम. ज्या घरचं मूठधान्य बंद, त्या घरची पोर बोर्डिंगातून परत. त्या वर्षी पोरींना बोर्डिंगातच काय ती दोन वेळची भाकरी मिळत होती. आया इथे पाणी पिऊन निजत होत्या.

मास्तरांनी हिशेब केला. त्यांच्या बाईने मूठ भरली, ती त्यांनी तराजूत घातली. तिला घरांनी गुणलं, दिवसांनी गुणलं. गणित बरोबरच असणार. पण चूल न पेटलेला दिवस त्यांच्या गणितात नव्हता, कारण तो त्यांच्या घरात कधी आलाच नव्हता. त्यांचे आजे वरच्या आळीतले, शिकून ख्रिस्ती झालेले. आमचे आजे महारवाड्यातले. प्रभूने दोघांना एकच बाप्तिस्मा दिला, असं मास्तर शाळेत शिकवत. आमच्या वस्तीवर आले की पाण्याला मात्र "तहान नाही" म्हणत. भर उन्हात सुद्धा.

त्या रविवारनंतर पंचांनी मला बोलावलं. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे जमिनीवर. मास्तर म्हणाले, "चाळीस रुपयांचं धान्य कमी आहे. तू घेतलं नसशील तर घरांनी दिलेलं नाही. मग मी तराजू घेऊन दारोदार चौकशी करतो. सांग, कोणत्या घरांनी दिलं नाही?"

मागे त्या बसल्या होत्या. गाडग्यावर थापा मारणाऱ्या. एकीचं पोर अंगावर पीत होतं. मी वाट बघितली. एक जरी उठून म्हणाली असती की बाई खरी आहे, तरी मला पुरलं असतं. कुणी मान वर केली नाही.

मी गप्प राहिले, ते सगळं चांगुलपणाने नाही. अर्धी मी भ्यायले होते. पुरुषांसमोर मी आयुष्यात बोलले नव्हते. पण नावं माझ्या तोंडात होती आणि मी दात मिटून धरले, हेही खरं. शेवटी एवढंच म्हणाले, "मी भरते."

"म्हणजे कबूल," मास्तर म्हणाले.

कबुली देऊन क्षमा मागेपर्यंत प्रभुभोजन बंदच, असं ठरलं. पिशवी काढून घेतली.

घरी आत्याबाई चुलीपाशी वाट बघत होत्या. मालक वारल्यापासून आम्ही दोघीच. त्या म्हणाल्या, "नावं सांग आन मोकळी हो. तोंडाला काय फोड आलाय?"

"पोरी घरी येतील, आत्याबाई."

"यिऊ देत. आन तू? तू कुनाची पोर न्हाईस व्हय?"

मी चुलीतली राख ओढत बसले.

नंतरचं लिहायला हात जड होतो. वाटेत सलाम केला तर उलटून सलाम येईना. आमच्यात सलाम न घेणं म्हणजे तू मेलीस असं सांगणं. माहेर माझं आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दला. तिथेही बातमी माझ्याआधी पोहोचली. भावाने जेवायला वाढलं आणि जेवता जेवता म्हणाला की इथे फार दिवस राहू नको. आणि विहिरीवर एकदा एक बाई हसत म्हणाली, "तिच्या घागरीला घागर टेकवू नगा गं, रिकामी व्हईल." सगळ्या हसल्या. पहिलं रिकामं गाडगं जिने आणलं होतं ती हीच. तिच्या दोन पोरी बोर्डिंगात जेवत होत्या. मी घागर उचलली आणि चालू लागले. तिचं नाव मी तेव्हा घेतलं नाही, इथेही लिहीत नाही.

मी प्रार्थना करत होते. देव बोलला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो बोलला नाही. भिंतीशी बोलावं तसं झालं होतं. एकदा कुकडीच्या डोहावर जाऊन उभी राहिले. पाण्यात पाय घातले. आत्याबाईंची आठवण झाली, पण तेवढ्याने मागे फिरले नसते. मागे फिरले ते वेगळ्याच कारणाने. माझ्या मनात आलं, मी बुडाले तर मास्तर म्हणतील, बघा, चोर होती म्हणून जीव दिला. माझं मरण त्यांच्या कामी येईल. माझी कबुली होईल. मी पाय बाहेर काढले. प्रभूवरही खोटा आळ आला होता, आणि तोही गप्प राहिला होता, एवढं मला माहीत होतं. पण तो गप्प राहिला तरी 'मी केलं' असं म्हणाला नव्हता. त्या दिवसापासून हे मी धरून ठेवलं. गप्प राहीन. खोटं बोलणार नाही.

भुईमूग काढायला निमगाव साव्याला गेले. बाकीचे दिवस जुन्नरच्या बाजारात एका मुसलमान भुसार व्यापाऱ्याकडे धान्य निवडलं. लोक त्यांना चाचा म्हणायचे. माझ्याबद्दल त्यांच्या कानावर आलं होतंच. मी पहिल्या दिवशी पोत्यांपासून लांब उभी राहिले, तर म्हणाले, "बाई, या ढिगातनं तुमी घरी नेलं तरी मला कळायचं न्हाई. चोरायचं तर चोरा, पर खडं नीट काढा." आणि ते गिऱ्हाइकाकडे वळले. मी पोत्याआड बसून रडले. दाण्याला हात लावू देणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आज शनिवारी शेवटचे पैसे नेले. पाळकसाहेबांच्या ओसरीवर पंच बसले होते. भरायला सुरुवात केली तेव्हा आणे होते, आता नवे पैसे आलेत. मास्तरांनी जुनी नाणी वेगळी केली, मनाशी हिशेब केला, पुन्हा केला. मग लिहून ठेवलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. मला वेळ लागतो. मूठधान्य मी खाल्लं, त्याची फेड केली, मंडळीने क्षमा करावी, असं होतं. सही केली की उद्या भाकर आणि प्याला.

माझा हात पुढे गेला होता. खोटं कशाला लिहू? त्या एका घोटासाठी मी किती तळमळले ते मलाच माहीत. पण सही करून तो घोट घेतला असता तर घशाखाली काय उतरलं असतं?

"हे खोटं हाय," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "पैसं मी पोरींच्या जेवनाचं दिलं. मी खाल्लं न्हाई. सही करनार न्हाई."

"मग भरलेस कशाला?"

"ते तुमाला सांगनार न्हाई."

मास्तर म्हणाले, "मग प्रभुभोजन नाही. मरेपर्यंत नाही."

"नका दिऊ. पर मी येनार. रांगेत बसनार. दर येळेला देवासमोर तुमी मला वलांडून जा."

घसा अजून उघडाच होता. मी पाळकसाहेबांना म्हणाले, "पैशाची पावती द्या. निस्त्या पैशाची."

मास्तरांनी तोंड उघडलं. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. दौत ओढून स्वतःच्या हाताने लिहिलं, रुपये चाळीस पूर्ण मिळाले, आणि खाली सही केली. चोरीचा शब्द नाही, क्षमेचा शब्द नाही. मी उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं.

चाळीसच्या चाळीस फिटले. आता माझ्याकडून कुणाला काही घ्यायचं राहिलेलं नाही.