अकराव्या ओळीतला लेफ्ट टॅकल

माझं आणि माझ्या मुलीचं एकाच विषयावर जमतं, तो म्हणजे अमेरिकन फुटबॉल. त्यातही खेळापेक्षा ड्राफ्ट. एप्रिलच्या शेवटी सगळ्या टीम कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू पाळीपाळीनं उचलतात. कुणाला कोण हवं, कुणाकडे काय कमी आहे, कोण आता संपला, यावर आम्ही बापलेक फेब्रुवारीपासून भांडत असतो. मी नागपूरचा. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर उभा असलेला प्रत्येक जण भारताचा क्रिकेट संघ निवडायचा, आणि आपलं ऐकलं नाही म्हणूनच संघ हरला असं त्याचं ठाम मत असायचं. ती खोड मी इथे टेक्सासमध्ये, प्लेनोला येताना सोबत घेऊन आलो. खेळ तेवढा बदलला.

गराजच्या भिंतीवर आमचा पांढरा बोर्ड आहे. त्यावर टीममधल्या प्रत्येक जागेपुढे खेळाडूचं नाव, वय आणि त्याच्यामागे उभा असलेला बदली खेळाडू. घरातला नियम असा की ज्याचा अंदाज खरा ठरेल त्यानं जाणाऱ्या खेळाडूच्या नावावर लाल मार्करनं रेघ मारायची. बायको म्हणते, हा बोर्ड म्हणजे तुमच्या दोघांची यमपुरी आहे. आम्ही हसायचो.

त्या वर्षी भांडण लेफ्ट टॅकलवरून होतं. हा चेंडू फेकणाऱ्याच्या डाव्या बाजूला उभा राहतो. फेकणाऱ्याला त्या बाजूचं दिसत नाही, म्हणून तिकडून येणारा प्रत्येक हल्ला यानं अंगावर घ्यायचा. काम चोख झालं तर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, चुकला तर सगळ्या देशाला कळतं. आमचा लेफ्ट टॅकल तेरा वर्षं त्याच जागी उभा होता आणि मुलीचा तो अतिशय लाडका होता.

"त्याला काढायला पाहिजे," मी म्हणालो. "गुडघा गेलाय. कॉलेजातून तयार पोरं येतायत. पहिल्याच फेरीत नवा टॅकल उचला आणि मोकळे व्हा."

"ही इज द होल लाइन, बाबा!" ती चिडली. मी बोलेन ते मराठीत आणि ती बोलेल ते इंग्रजीत, अशी आमची जुनी वाटणी आहे.

"भावना मध्ये आणायच्या नाहीत," मी ऐटीत म्हणालो. "टीम अशीच चालवतात."

हे वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा म्हणालो असेन! आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

ऑफिसात त्याच सुमारास हवा बदलली होती. सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. ऑफिसमागच्या तळ्याकडे तोंड असलेल्या काचेच्या खोलीत तीन अनोळखी माणसं येऊन बसू लागली. आम्ही जवळून गेलो की ती लॅपटॉप अर्धा मिटायची. आमचा मॅनेजर हा मोकळाढाकळा टेक्सन माणूस, रोज सकाळी माझ्या टेबलापाशी थांबून पावसापाण्याच्या गप्पा मारायचा. तो आता लांबूनच हात करायला लागला. मी बायकोला काही बोललो नाही. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही इतकी वर्षं उभे होतो की आता घरात कुणी त्याचा विषयही काढत नसे. मुलगी इथेच जन्मलेली, दहावीत. तिला ते साठ दिवस ठाऊकच नव्हते. तिला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

वादळाच्या सायरनची महिन्यातून एकदा बुधवारी दुपारी चाचणी होते. त्या बुधवारी तो भोंगा वाजत असतानाच मॅनेजरची मेल आली. टीमचं स्किल मॅट्रिक्स भरा, आजच्या आज. एक शीट होती. प्रत्येकाची एक ओळ, नावाऐवजी फक्त क्रमांक. पुढे किती वर्षं काम, कुठे बसतो, एक ते पाचमध्ये स्वतःला किती गुण, आणि तुमची जागा घेऊ शकेल अशा माणसाला किती गुण.

माझी ओळ अकरावी. सोळा वर्षं. ती सिस्टिम मी जवळजवळ पायापासून उभी केलेली. स्वतःला गुण देताना मी फारसा थांबलो नाही. तीन लिहिलं. खरं तर एक विचार आला होता, चार लिहावं का? पण स्वतःच्या तोंडानं स्वतःचे गोडवे कसले गायचे? आमचे वडील शाळामास्तर. पहिला नंबर आला तरी पाहुण्यांसमोर "ठीक आहे, पास झाला" एवढंच म्हणायचे आणि आम्हालाही तेच म्हणायला लावायचे. माझ्या कामाबद्दल विचारणाऱ्याला कळेलच, असं मी धरून चाललो.

बदली माणसाच्या रकान्यात पुण्याच्या ऑफिसातली एक मुलगी होती. वर्षभर रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर मी तिला काम शिकवत होतो. शिकवताना हातचं राखून ठेवणं मला जमत नाही. हुशार पोर, कष्टाळू, मला सर म्हणायची. तिला मी चार दिले. पाचच देणार होतो.

रविवारी दुपारी ती शीट सगळ्यांच्या ओळींसकट परत आली, तपासून द्या म्हणून. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. मुलगी शेजारी तिच्या टॅब्लेटवर ड्राफ्टचे अंदाज मांडत होती. तिनं मान वाकडी करून माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

"इज दिस अ रोस्टर?"

"ऑफिसच्या टीमची यादी आहे," मी म्हणालो.

तिनं खुर्ची जवळ ओढली. तिला गंमत वाटली. माझ्याकडूनच शिकलेली ती, शीट आमच्या बोर्डासारखी वाचू लागली. हा ठीक, याला ठेवा, इथे माणूस कमी आहे. मग तिचं बोट अकराव्या ओळीवर थांबलं.

"हू इज इलेव्हन? सिक्स्टीन इयर्स अँड ओन्ली अ थ्री? अँड द बॅकअप इज अ फोर?" ती हसली. "बाबा, दॅट्स युअर लेफ्ट टॅकल. कट हिम."

 मी लॅपटॉप मिटला आणि चहा करायला उठलो.  मला भीती वाटत होती, अगदी लहान मुलाला वाटावी तशी.

सोमवारी शीटला कुलूप लागलं होतं, आता त्यात काही बदलता येत नव्हतं. मग मॅनेजरला मेल लिहायला बसलो. माझा तीन म्हणजे खरं तर पाच आहे, हे कोणत्या तोंडानं लिहायचं? पहिली मेल लिहिली, ती फुशारकी वाटली. दुसरी गयावया केल्यासारखी वाटली. तिसरीत मी त्या पुण्याच्या मुलीचे चार कमी करायला निघालो होतो. वाचून माझीच मला किळस आली. तिन्ही पुसून टाकल्या. घरी बायको नव्या सोफ्याचं विचारत होती. मी म्हणालो, उन्हाळ्यात बघू. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

गुरुवारी संध्याकाळी ड्राफ्ट. दरवर्षीप्रमाणे बायकोनं वडापाव केले होते. बाहेर आभाळ हिरवट झालं होतं, गारा पडण्याआधी इथे होतं तसं, म्हणून तिनं गाडी गराजमध्ये घेतली. टीव्हीवर आमच्या टीमची पाळी आली आणि एक जण कार्ड घेऊन मंचावर चढला. त्यानं नाव वाचलं. लेफ्ट टॅकल, बावीस वर्षांचा.

"यू कॉल्ड इट!" मुलगी ओरडली. पण लगेच तिचा चेहरा पडला. पडद्यावर जुन्या टॅकलचा फोटो दाखवत होते. ती हळूच म्हणाली, तो आत्ता घरी बसून हे बघत असेल, आणि त्याला कुणी अजून सांगितलंही नसेल.

"त्याला माहीत असतं," मी म्हणालो.

माझा फोन वाजला. उद्या सकाळी साडेनऊची मीटिंग. बोलावणं मॅनेजरचं, सोबत एक नाव जे मी कधी ऐकलं नव्हतं. विषयाची जागा रिकामी. मी फोन उलटा ठेवला. छतावर पहिली गार टणकन पडली.

मुलगी गराजमधून लाल मार्कर घेऊन आली. "युअर टर्न. रूल्स आर रूल्स."

मी तिच्यामागून गेलो. बोर्डासमोर उभा राहिलो, मार्करचं टोपण काढलं. रेघ मारता येईना. ती वाट पाहत होती. शेवटी मी म्हणालो, "त्या शीटमधली अकरावी ओळ माझी होती."

तिला कळायला वेळ लागला. मग तिनं माझ्या हातातला मार्कर काढून घेतला, टोपण लावलं आणि तो मुठीत घट्ट धरला. बाहेर गारांचा आवाज वाढला होता, म्हणून ती अगदी जवळ आली. तिनं विचारलं, आणि मराठीत विचारलं. आजीशी फोनवर बोलताना बोलते तशी, शब्द शोधत.

"बाबा, तू तीन का लिहिलंस?"

मी म्हणालो, "आपल्यात असंच लिहितात."