तळ्याची ओटी

आमच्या आईला, म्हणजे दुर्गाबाईंना, कुणाचं ऐकायची सवयच नाही. चाकणजवळच्या आमच्या गावातली रानं गेली, कंपन्या आल्या, पण हिचा हेका काही गेला नाही. त्यातल्याच एका कंपनीने मला दोन वर्षांसाठी चीनला, हांगचौ शहरात पाठवलं. मुदत संपत आली तेव्हा साहेबांनी विचारलं, आणखी राहतेस का? मला राहायचंच होतं. तिकडे गावी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी खालुंब्र्याचं स्थळ जवळजवळ पक्कं केलेलं, आणि मला माघारी न्यायला आई थेट विमानात बसून आली.

आल्यापासून तिचा एकच धोशा, बॅग भर. शेवटी मी म्हटलं, इथलं जुनं तळं तरी बघ, मग भांड. निघताना तिने मला नारळ आणायला लावला. मला वाटलं चटणीला असेल. कसली चटणी!

तळं बघून मात्र ती बॅग विसरली. दगडी बांध, पाण्यावर वाकलेली झाडं, पलीकडे टेकडीवर मजल्यामजल्यांचा मनोरा. मी शेकडो वर्षांचा इतिहास सांगत होते, तोवर बाईंनी चप्पल काढली, पदर डोक्यावर घेतला, पिशवीतून खण, तांदूळ, नारळ काढला, हळदीकुंकू वाहिलं आणि दिलं की सोडून पाण्यात! आळंदीला इंद्रायणीची ओटी भरते, अगदी तशी. रखवालदार शिट्टी वाजवत धावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याची माफी मागत होते, तेवढ्यात तळ्यातला कचरा काढणारी एक बाई होडी घेऊन आली. तिने जाळीने नारळ आणि खण उचलला आणि आईपुढे धरला.

आई हात मागे घेऊन उभी. दिलेली ओटी कुणी परत घेतं का? मी त्या बाईला समजावलं, आमच्याकडे नदीची ओटी भरतात, लेक सासरी निघाली की तिचीही भरतात. ती हसली. माझीही लेक लांब कामाला आहे, म्हणाली, वर्षातून एकदा येते. ते आईला सांगितलं तेव्हा आईने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"इचार तिला," आई म्हणाली, "झोप लागती का म्हनावं."

मला विचारवेना, तरी विचारलं. बाईने वल्हं आडवं ठेवलं. पहिलं वर्ष नाही लागली, म्हणाली, मग लागायला लागली.

आईने तो ओला नारळ खणासकट तिच्याच ओटीत घातला, कपाळाला कुंकू लावलं. रखवालदाराने शिट्टी खिशात टाकली.

मग बाकावर बसून तिने अण्णांना फोन लावायला सांगितला. पोरगी राहतीय, पाव्हण्यांना नकार कळवा, एवढंच बोलली. तिकडून अण्णांचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. मला रडू फुटलं. आईने त्यांना बोलून घेऊ दिलं.

"वरडू नका," मग ती म्हणाली. "पयलं वरीस झोप लागत न्हाई. मग लागती."