मांजरासाठी ठेवलेली फळी

आमचे हे भित्रे आहेत. त्यांच्या तोंडावर सांगते मी, मग तुम्हाला सांगायला कसली लाज? बाहेर पडताना गॅसचं बटण बघतील, कुलूप ओढून बघतील आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन मलाच विचारतील, "अगं, कुलूप लावलं ना मी?" चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करतात. दिवसभर केसाएवढी चूक शोधत बसणारा माणूस घरी येऊन दुसरं काय करणार म्हणा!

आणि भित्रा माणूस ओरडतो फार. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं, तापट आहेत. सासूबाईंना मधुमेह जडला, विसरणंही वाढलं, तेव्हापासून तर घर डोक्यावर घ्यायला लागले. सासूबाईंना गोडाचा भारी सोस. मी साखरेचा डबा कुलपात ठेवला, तर त्या शेजारून बिस्किटं मागून आणायच्या आणि उशीखाली दडवायच्या. हे उशी उचलायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "मरायचंय का तुला?" सासूबाईंनी त्यावर एकच उपाय काढला होता. ओठाला चुरा चिकटलेला असला तरी म्हणायचं, "मी कुठं काय खाल्लं?"

त्यांना तपासणीला न्यायचं म्हणून तर आमची ती जुनी गाडी. मध्यंतरी एका चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि ह्यांची पाचावर धारण बसली. गॅरेजवाल्यावर काडीचा विश्वास नाही. "एका स्क्रूसाठी अख्खं इंजिन उघडून ठेवेल तो," म्हणाले आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच बाह्या सरसावून स्वतः बसले.

इंजिन गार होतं तरी रेडिएटरच्या झाकणाला फडका घेऊनच हात लावला. गरम असताना उघडलं तर तोंड भाजून निघतं म्हणे. कूलंट, म्हणजे ते इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, काठोकाठ होतं. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता, त्यावर एक थेंब नाही. म्हणजे गळती नव्हती. मग इंजिन चालू करून रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप चाचपत राहिले. काटा चढत होता आणि पाइप गारच.

"अगं, गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाहीये. थर्मोस्टॅट अडकला असणार!" थर्मोस्टॅट म्हणजे वाटेतलं छोटंसं दार, इंजिन तापलं की आपोआप उघडणारं, असं मला समजावलं. मी मान डोलावली. न डोलावून सांगते कोणाला?

ते दार बाहेर काढायचं तर आधी कूलंट काढायला हवं. ते नुकतंच भरलेलं, परत घालायचं होतं, म्हणून स्वच्छ भांडं पाहिजे. इंजिन पुन्हा निवलं आणि माझं मोठं पातेलं गेलं कामाला.

"ते पातेलं आता घरात आणायचं नाही हं!" मी बजावलं.

"आणणारच नाही. विष आहे हे. वर चवीला गोड, मांजर तोंड घालेल." मागच्या दाराशी पातेलं ठेवलं, वर फळी, फळीवर वीट. आतल्या पाण्याच्या पातळीला पेनाने खूणही केली, जितकं निघालं तितकंच परत जायला हवं म्हणून. मांजराचा एवढा विचार केला हो आम्ही दोघांनी.

मग स्वारी स्वयंपाकघरात. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून दुसऱ्या भांड्यातल्या साध्या पाण्यात सोडला आणि खाली गॅस पेटवला. पाणी खळखळ उकळलं, तरी ते दार मिटलेलंच.

"सापडला चोर!" हे चक्क नाचले. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा सैल पडलेला बघून मलाही बरं वाटलं. सासूबाईंना सांगावं म्हणून मी मागच्या दारी गेले.

त्या पायरीवर बसल्या होत्या. वीट खाली, फळी भिंतीला टेकवून ठेवलेली. हातात पेला आणि पेल्याच्या तळाशी हिरवा थेंब. पातेल्यातलं पाणी खुणेच्या खाली गेलं होतं. पायरीही ओली, कुंडीतही हिरवट ओल.

"आई, हे प्यायलात तुम्ही?"

"मी कुठं काय प्यायले?"

माझ्या हाकेने हे धावत आले, पेला बघितला आणि कडाडलेच. "आई! खरं बोल! किती प्यायलीस?" सासूबाईंनी पेला पदराखाली लपवला.

आमच्या गाडीचं तर पोट फाडून ठेवलेलं. समोरच्या टॅक्सीवाल्याने काही न विचारता दार उघडलं. वाटेत सासूबाई खिडकीतून दुकानं बघत होत्या, छान ताज्यातवान्या. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आम्ही बरोबर नेलेल्या कूलंटच्या डब्यावरचं वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "आत्ता काही दिसणार नाही. नंतर किडन्या जातात. ह्यावर औषध आहे, पण लवकर सुरू करायला हवं. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, आणि ह्यांच्या वयात, मधुमेह असताना ते उगाचच देणंही धोक्याचं. प्यायल्या की सांडलं, एवढं तरी सांगा."

"सांग ना, आई!" ह्यांचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. नर्स धावत आली.

"नाही रे प्यायले. तुझी शपथ."

मी ह्यांचा दंड धरून बाजूला ओढलं. "अहो, तुम्ही ओरडताय तोवर त्या नाहीच म्हणणार. मेल्या तरी नाही म्हणतील. कळतंय का तुम्हाला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाटेवर आईच्या शेजारी बसले. हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आई," अगदी हळू म्हणाले, "गोड होतं का गं?"

सासूबाईंनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू ओरडशील."

"नाही ओरडणार."

"हिला सांगशील."

"नाही सांगणार."

मी पडद्यामागे सरकले. डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या.

"फार गोड होतं रे," सासूबाई म्हणाल्या. "दोन पेले प्यायले. तिसरा सांडला."

डॉक्टरीणबाई पळतच आत गेल्या. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, सासूबाई ह्यांचं तोंड निरखून बघत होत्या, आता ओरडतो की मग ओरडतो. हे ओरडले नाहीत. तसं त्यांनी ह्यांच्या गालावरून हात फिरवला आणि लाडात येऊन विचारलं,

"मग उद्या पण देशील?"

"हो," हे म्हणाले. "उद्या पण देईन."