मावशींनी पाहिलेली घरे

वसईच्या किनाऱ्यावरचे एकेक घर परमेश्वराने जितक्या बारकाईने पाहिले नसेल, तितक्या बारकाईने माझ्या मावससासूबाईंनी पाहिले होते. पाचूबंदरापासून अर्नाळ्यापर्यंत, नारळीपोफळींच्या सावलीत जिथे जिथे म्हणून घर भाड्याने मिळण्यासारखे होते, तिथे तिथे मावशी दाराशी वाकून आत गेल्या होत्या आणि मान हलवीत बाहेर आल्या होत्या. इतर बायका देवदर्शनाला जातात, त्या घरदर्शनाला जात. फरक एवढाच, की देवळातून माणूस नमून बाहेर येतो, आणि मावशी घरमालकाला नमवून बाहेर येत.

दुसरी मोठी लढाई संपून थोडी वर्षे झाली होती. आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहत होतो, आणि खालच्या मजल्यावर फुटाण्यांची भट्टी होती. लग्नानंतर काही दिवस मला त्या वासाचे मोठे अप्रूप वाटले. तापलेल्या वाळूचा, तडकणाऱ्या हरभऱ्याचा तो खरपूस वास संध्याकाळी जिन्याने वर येई आणि माझ्या नव्या संसाराला एक सोनेरी, भाजका रंग चढवी. पुढे यांना प्लुरसी झाली, छातीत पाणी झाले. ताप उतरला, पण खोकला मागे राहिला, आणि तोच वास आमचा वैरी झाला. भट्टी पेटली की हे उशीला टेकून बसत, आणि मी दाराच्या फटीत ओल्या धोतराचे तुकडे कोंबीत बसे. डॉक्टरांनी एके दिवशी मला बाहेर बोलावून सांगितले, "पावसाआधी यांना इथून हलवा. समुद्राची हवा, झाडांची सावली आणि विश्रांती. पावसाळा या धुरात काढलात, तर पुढचं मी काही सांगू शकत नाही."

वसईच्या हवेची कीर्ती तेव्हा मुंबईभर होती. ज्याला म्हणून खोकला होता, आणि ज्याला खोकला नसून पैसा होता, तो वसईला घर शोधत होता. अशा वेळी मावशी पुढे सरसावल्या. यांची आई यांच्या लहानपणीच गेली. यांना वाढवले ते मावशींनी, दिराच्या बिऱ्हाडातल्या एका अंधाऱ्या कोपऱ्यात राहून. "घर मी बघते," त्या म्हणाल्या. "तू कविता करतेस. तुला कुणी एक चाफ्याचं झाड दाखवलं की तू सही करून मोकळी होशील." हे अगदी खरे होते.

एका शेजारणीला यांच्याजवळ बसवून आम्ही दोघी सकाळच्या गाडीने निघत असू आणि संध्याकाळी परतत असू. घर पाहण्याचे मावशींचे शास्त्र स्वतंत्र होते. त्यातला पहिला नियम म्हणजे घर पसंत पडेपर्यंत त्या घरात बसायचे नाही. खुर्ची पुढे केली, पाट मांडला, चटई अंथरली, तरी मावशी उभ्याच. "एकदा टेकलं की माणूस भिडेला बळी पडतो," असे त्या मला भर ओसरीत, मालकाच्या देखत सांगत. दुसरा नियम असा, की घराची चौकशी मोठ्यांकडे करायची नाही, पोरांकडे करायची. आगाशीला एका गृहस्थांनी छातीवर हात ठेवून सांगितले, की त्यांच्या आवारात जनावराचे नाव नाही. मावशींनी अंगणात गोट्या खेळणाऱ्या त्यांच्या नातवाला हळूच विचारले, "काय रे, तो साप कुठं गेला?" त्याने मान वर न करता विचारले, "कालचा, की न्हाणीतला?"

तिसरा नियम समुद्राविषयी होता. प्रत्येक मालक आम्हांला प्रथम समुद्र दाखवी. मी त्या निळ्या रेघेकडे पाहत राही. वाऱ्यावरचे मीठ ओठांना लागे, सुरूच्या झाडांतून कुणी दुरून धान्य पाखडावे तसा आवाज येत राही, आणि माझे अर्धे भाडे तिथेच ठरून जाई. मावशी समुद्राकडे पाठ करून उभ्या राहत. "समुद्र तुमचा आहे का?" त्या विचारीत. "नाही ना? मग छपराचं बोला."

पण या साऱ्या नियमांच्या शिखरावर होती ती डाळ. मावशींचे म्हणणे असे, की समुद्राकाठी हवा सगळीकडे सारखीच असते. खरा प्रश्न विहिरीचा. पाणी मचूळ असेल, जड असेल, तर त्यात डाळ शिजत नाही, आणि ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते आजारी माणसाच्या पोटात जाऊन काय दिवे लावणार? जीभ फसते, डाळ फसत नाही. म्हणून त्या प्रत्येक घरी विहिरीशेजारी तीन दगड मांडीत, मालकाकडून करवंट्या मागून घेत, पिशवीतून कल्हईची पातेली काढीत, आपल्याच दोरीने आणि आपल्याच तांब्याने पाणी ओढीत आणि मूठभर तूरडाळ शिजत लावीत. मी एकदा म्हटले, "मावशी, डाळ इथल्या वाण्याकडून घेऊ या. उगीच ओझं कशाला?"

"परीक्षेला डाळ ओळखीची हवी," त्या म्हणाल्या. "वाण्याची डाळ कोण, कुठली, कुणाला ठाऊक?"

ही ओळखीची डाळ म्हणजे त्यांची जिंदगी होती. लढाईच्या टंचाईत, माणसे रांगेत उभी राहून रिकाम्या पिशव्या घेऊन घरी येत होती तेव्हा, मावशींनी एक डबा तूरडाळ एरंडेल चोळून राखून ठेवली होती. तिची आमटी त्यांनी कधी केली नाही, कुणाला करू दिली नाही. सोन्याच्या पुतळ्या घरात असाव्यात तशी ती डाळ घरात होती, आणि आता आमच्या यांच्या प्राणांसाठी ती मूठमूठ बाहेर पडत होती. हे मला कळत होते, म्हणून मी पिशवी उचलून त्यांच्यामागून चाले.

विहिरीपाशी ज्वाळा हलत, पाणी खदखदे, घरमालक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, आणि मावशी जपमाळ ओढीत उभ्या असत. बऱ्याच वेळाने त्या पळीत एक दाणा घेत आणि चिमटीत दाबीत. दाणा मोत्यासारखा निसटून अंगणात उडे. मावशी मान हलवीत. "पाणी जड आहे हो तुमचं." मग पातेली उपडी होई आणि आम्ही वाटेला लागत असू. भुईगावच्या एका निवृत्त कारकुनांनी तर तावातावाने सांगितले, की त्यांच्या विहिरीचे पाणी न्यायला जुन्या काळी गलबते थांबत. "थांबत असतील," मावशी म्हणाल्या, "खलाशांना डाळ कुठं शिजवायची असते?"

मग मावशींची कीर्ती आमच्याआधी गावांत पोचू लागली. टांगेवाला वाटेवरच्या लोकांना ओरडून सांगे, "डाळवाल्या बाई आल्या!" गिरीजला एका घरच्या सुनेने मावशींची पाठ वळताच पातेलीत चिमूटभर सोडा टाकला. पातेली फेसाने उतू गेली, करवंट्या विझल्या, आणि मावशींनी शांतपणे पदराने डोळ्यांतला धूर पुसत विचारले, "किती टाकलास?" ती बिचारी रडू लागली. पण नवल असे, की सोड्यालाही ती डाळ बधली नाही.

मे महिना संपत आला. दर वेळी रिकाम्या हाताने जिना चढताना मला वरून खोकला ऐकू येई, आणि पायऱ्या लांबत जात. हे काही विचारीत नसत. फक्त माझ्या पदराला नाक लावून म्हणत, "आज समुद्राजवळ गेली होतीस."

अशा दिवसांत आम्ही निर्मळच्या बाजूला कातरीनबाय नावाच्या एका ख्रिस्ती बाईचे घर पाहायला गेलो. केळीच्या वाडीमागे, लाल कौलांचे, ठेंगणे, पांढऱ्या चुन्याचे ते घर एखाद्या सशासारखे गप्प बसले होते. अंगणात राजेळी केळी सोलून सुकत घातली होती, आणि उन्हात त्यांचा मधाचा, किंचित आंबूस वास दाटला होता. राहाट करकरत होता, त्याच्या पोहऱ्यांतून पाणी पन्हळीत पडे, पन्हळीतून पाटाला लागे, आणि केळीच्या मुळांशी जाऊन निःशब्द होई. मी तिथे उभी राहून पहिल्यांदाच पूर्ण श्वास घेतला आणि मला वाटले, हा श्वास मी यांच्यासाठी राखून घरी नेऊ शकले असते तर! लाल लुगडे नेसलेली, कानांत सोन्याचे भारी दागिने घातलेली कातरीनबाय दारात उभी राहून हे सारे कौतुकाने पाहत होती. मुलगा आफ्रिकेला बोटीवर गेल्यामुळे तिच्या घराचा अर्धा भाग रिकामा होता.

दगड मांडले गेले. करवंट्या पेटल्या. मी मनात येईल त्या देवाला आळवले. समोरच्या क्रुसालाही हात जोडले. मावशींनी दाणा चिमटीत धरला. दाणा उडाला आणि केळीच्या सालांत जाऊन पडला.

"चल," मावशी म्हणाल्या.

मी ओट्यावर बसले. सरळ मांडी घालून बसले.

"अगं, ऊठ! बसतेस काय?"

"मी नाही उठणार, मावशी," मी म्हटले. "डाळ कच्ची खाऊ आम्ही. पण त्यांना त्या धुरात आणखी एक आठवडा मी ठेवणार नाही."

मावशींना असे कुणी कधी बोलले नव्हते. तेवढ्यात कातरीनबाय मोठ्याने हसली आणि अंगणात उतरली. तिच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतेच. सगळे जग तिला 'तू' होते. "बाय, ह्या इहिरीच्या पान्यावर माझी सगळी पोरं वाढली, आनि तुझी डाळ शिजत नाय? बघू दे ती." तिने पिशवीतला एक कोरडा दाणा उचलून दाढेखाली धरला, आणि गालावर हात दाबला. "आयाया! दात गेला माझा! कवाची गो ही डाळ?"

"लढाई सुरू झाली त्या वर्षीची," मावशी ताठ मानेने म्हणाल्या. "जपून ठेवलेली आहे."

"अगो बाय! मग ती शिजंल कशी? म्हातारी झाली ती, तुझ्यामाझ्यासारखी!"

राहाट करकरत राहिला. कातरीनबाय आत गेली आणि सुपात ओंजळभर नवी डाळ घेऊन आली. कोरडा शिधा घ्यायला मावशींच्या सोवळ्याची हरकत नव्हती. त्यांनी पातेली घासली, पुन्हा पाणी ओढले, पुन्हा करवंट्या पेटवल्या. या वेळी जपमाळ मात्र हातात नव्हती. थोड्या वेळाने वाफेला असा काही गोड, घरचा वास आला, की मला दाणा दाबून पाहायची गरज उरली नाही. डाळ फुलून, फुटून, पिवळीधमक होऊन एकजीव झाली होती. मावशी पळी हातात धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या, आणि मग, त्या साऱ्या घरशोधात प्रथमच, खाली बसल्या.

"भुईगावच्या त्या कारकुनांचं पाणी?" त्यांनी विचारले.

"गोड," कातरीनबाय म्हणाली.

"आणि गिरीजच्या त्या सुनेचं?"

"गोडच गो. ह्या किनाऱ्यावर पानी मधावानी हाय."

"मग मी एवढ्या लोकांना काय बोलले!" मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मी घाबरले, त्या रडताहेत असे मला वाटले. पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. कातरीनबाय हसत होती, मीही हसू लागले, आणि माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागले, कारण घर मिळाले होते.

आम्ही त्याच आठवड्यात तिथे राहायला आलो. सामान लागताच मावशींनी छत्री उचलली आणि त्या भर दुपारी चालत निघाल्या. पुढच्या काही दिवसांत, ज्या ज्या विहिरीला त्यांनी नावे ठेवली होती, त्या त्या घरी जाऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डाळ माझी वाईट होती. तुमचं पाणी द्या प्यायला." ज्यांनी उभ्या जन्मात परक्या घरचा घोट घेतला नव्हता, त्या मावशी कारकुनांकडे प्याल्या, आगाशीच्या सापवाल्यांकडे प्याल्या, पाचूबंदरला एका कोळणीच्या हातून प्याल्या, आणि गिरीजच्या त्या सुनेकडे तर दोनदा प्याल्या. कोळणीने विचारले म्हणे, "बाय, तुला चालंल का?" तेव्हा मावशी म्हणाल्या, "तुझ्या पाण्याला बोलताना चाललं, मग पिताना का नाही चालायचं?"

यांचा खोकला नेमका कधी थांबला ते मला सांगता येणार नाही. पाऊस कौलांवर आला आणि गेला, आणि एके सकाळी राहाटाचा आवाज मला इतका स्पष्ट ऐकू आला, की दुसरा कुठला आवाज आता घरात नाही हे लक्षात आले. "माझं काम झालं," असे म्हणून मावशींनी ट्रंक बांधली. पण स्टेशनकडे निघालेला टांगा वाटेत प्रत्येक घरापाशी थांबे. कुठे पाणी, कुठे ताक, कुठे नातसुनेच्या बाळंतपणाची हकिकत. संध्याकाळी टांगा मावशींसकट परत येई. "गाडी काय, उद्याही असते," त्या ट्रंक आत घेत म्हणत. टांगेवाला म्हणे, "बाईंना स्टेशनला पोचवायचं, तर आदल्या दिवशी निघायला हवं." असे कितीदा झाले. आम्ही दर वेळी त्यांना निरोप देत असू, आणि दर वेळी दिवे लावताना त्यांचे ताट वाढून ठेवीत असू.

एके दिवशी मात्र त्यांना गाडी मिळाली. दिराच्या घरी कुणी आजारी होते. त्या पहाटेच, वाटेवरच्या घरांची दारे उघडण्याआधी निघाल्या. उन्हे चढल्यावर टांगा रिकामा परत आला. हे ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि पांढऱ्या, कोऱ्या रस्त्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला. छातीच्या अगदी तळापासून निघालेला तो श्वास कुठेही अडखळला नाही.